स्ट्रोकनंतर घरी शुगर तपासताना : स्पिरिटआधी साबण

स्ट्रोकच्या झटक्यानंतर मेंदूतली गुठळी तारेने काढून पेशंट घरी आला की घरचे आम्हाला, म्हणजे घरी येऊन शुगर तपासणाऱ्यांना, हमखास विचारतात, "गुठळी तर निघाली. बाबांना आधी शुगर नव्हती. मग आता रोज बोट कशाला टोचायचं?"

गुठळी निघाल्यावर रक्त पुन्हा वाहू लागतं, पण मधल्या काळात उपाशी राहिलेला मेंदूचा भाग नाजूक झालेला असतो. तेव्हा रक्तात साखर जास्त असेल तर त्या भागात लॅक्टिक आम्ल साठतं, बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, सूज आणि रक्तस्रावाची भीती वाढते. दाखल होताना शुगर चढलेली होती अशा पेशंटांपैकी तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे कमी असतात, गुठळी नीट निघाली असली तरी. हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आधी डायबेटिस नसला तरी झटक्याच्या ताणानेच शुगर चढू शकते. ताणाची शुगर की जुना डायबेटिस, हे ओळखायला एचबीएवनसी ही रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो.

म्हणून शुगर दाबून खाली आणायची, असंही नाही. अमेरिकेतल्या 'शाइन' चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. स्ट्रोकच्या अकराशेहून जास्त पेशंटांपैकी निम्म्यांची शुगर ८० ते १३० मध्ये कडक ठेवली होती. ते इतरांपेक्षा जास्त सुधारले नाहीत, उलट शुगर धोकादायक उतरण्याचे प्रकार त्यांच्यातच झाले. तुमच्या पेशंटसाठी योग्य आकडा कोणता, ते डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक काढलं ती सांगतो. संध्याकाळी फोन येतो, "शुगर ३४० आलीय, लगेच माणूस पाठवा." आमच्याकडे काम करणारा मुलगा मिरजेहून सांगलीच्या विश्रामबागला पोहोचतो, पेशंटचा हात धुतो, पुन्हा टोचतो. आकडा येतो १५६. फिजिओथेरपिस्टने सांगितलं म्हणून पेशंटने थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या हाताने मोसंबीच्या फोडी खाल्लेल्या असतात. शुगर तपासायच्या पट्टीला (स्ट्रिपला) रक्त इतकं कमी लागतं की बोटावर वाळलेला रससुद्धा आकडा फुगवतो.

"पण आम्ही स्पिरिटने पुसलं होतं," असं सगळेच सांगतात. स्पिरिट पुरत नाही. २०११ मध्ये जपानी डॉक्टरांनी डायबेटिस नसलेल्या माणसांना फळं सोलायला लावून हेच तपासलं होतं. स्पिरिटने पुसूनही आकडा खोटा चढलेला आला आणि पाण्याने हात धुतल्यावर बरोबर आला. खोट्या ३४० वर इन्सुलिन वाढलं तर रात्री शुगर खरोखर उतरते. मग जीभ जड होते, माणूस बरळतो, कधी एक बाजू लुळी पडते आणि घरच्यांना दुसरा झटका आल्यासारखं वाटतं.

म्हणून आमची माणसं आधी साबण-पाणी मागतात. पेशंट अंथरुणावर असेल तर वाटीत कोमट पाणी घेऊन बोटं धुतात आणि पूर्ण कोरडी करतात. यात पाच मिनिटं जातात. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो, पण आम्ही तो सोडणार नाही. टोचतानाही चांगल्या बाजूचा हात घेतो, कारण लुळ्या हाताला बऱ्याचदा सूज असते, तो गार पडलेला असतो. बोट पिळू नका, हात खाली सोडला की रक्त येतं. नळीने फीड चालू असेल तर त्याची वेळ चार्टवर लिहा. चार्ट आमच्याकडे मोफत मिळतो.

ग्लुकोमीटर (घरी शुगर मोजायचं यंत्र) आमच्याकडून घेतलात तर पहिल्या दिवशी उपाशीपोटी शिरेतल्या रक्ताशी तो ताडून देतो. शुगर १०० च्या वर असताना १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरतात. त्याहून जास्त आला तर मीटर बदलून देऊ. मीटर बाहेरून घेतला असेल तरी आणा, फक्त लॅब तपासणीचे पैसे पडतील.

इन्सुलिनचे युनिट आम्ही फोनवर सांगत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी. ते डॉक्टरांनाच विचारा. शुगर ७० च्या खाली दिसली तर आमची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. पेशंट गुंगीत असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात साखर-पाणी काहीही घालू नका, १०८ ला बोलवा.

आम्हाला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी सांगा : आकडा किती, शेवटचं खाणं किंवा फीड कधी, आणि हात साबणाने धुतले होते का. धुतले नसतील तर फोन ठेवा, हात धुवा, पुन्हा तपासा. तरीही आकडा तेवढाच आला तर आम्ही निघतोच.