हाऊ टू लूज फ्रेंड्स: या कॉमेडीच्या मागचा सगळा इतिहास

भुसावळला आमच्या घरी फिल्मी मासिकं कधी विकत आली नाहीत, ती गाडीने यायची. काका रेल्वेत होते, मुंबईकडून आलेल्या गाडीत पॅसेंजर लोक वाचून झालेले अंक सीटवरच सोडून उतरायचे आणि त्यातला एखादा काका घरी आणायचे, कधी स्टारडस्ट, कधी फिल्मफेअर, कधी हिंदीतली मायापुरी, कव्हर दुमडलेलं, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. इंग्रजी अर्धं कळायचं नाही पण फोटो बघून आणि काकूला विचारून काम भागायचं. मला तेव्हापासून एकच प्रश्न पडायचा की हे लिहिणारे लोक असतात कोण, त्यांना हिरोच्या घरात घेतं कोण, आणि एकदा घरात घेतलं, चहा पाजला, तर मग ते त्याच्याबद्दल खरं लिहू शकतात का.

२००८ साली आलेला 'हाऊ टू लूज फ्रेंड्स अँड एलियनेट पीपल' हा पिक्चर बरोबर याच प्रश्नावर उभा आहे. सायमन पेग त्यात सिडनी यंग नावाचा ब्रिटिश पत्रकार झालाय. लंडनमधे सेलिब्रिटींची टर उडवणारं छोटं मासिक काढतो, पार्ट्यांमधे चक्क डुक्कर घेऊन घुसतो, आणि एक दिवस न्यूयॉर्कच्या 'शार्प्स' नावाच्या मोठ्या चकचकीत मासिकाचा एडिटर त्याला नोकरीला बोलावतो. एडिटर म्हणजे जेफ ब्रिजेस. पुढे पूर्ण पिक्चरभर सिडनीला चुकीच्या माणसाला चुकीचं बोलायची सवय आणि तिचे परिणाम. कर्स्टन डन्स्ट त्याची सहकारी आहे, मेगन फॉक्स नवीन हिरॉईन आणि जिलियन अँडरसन तिची पब्लिसिस्ट, म्हणजे स्टारची प्रसिद्धी आणि मुलाखती सांभाळणारी बाई. डायरेक्टर रॉबर्ट वाईड. पिक्चर काही फार चालला नाही, पण माझं म्हणणं असं आहे की तो नुसता धांदलीची कॉमेडी म्हणून बघितला तर निम्मा हातातून जातो, कारण त्यातले बरेच जोक खऱ्या माणसांवर आणि खऱ्या व्यवहारावर आहेत. तो व्यवहार माहीत असला की मग मजा.

तर आधी खरा माणूस. पिक्चर टोबी यंग या ब्रिटिश पत्रकाराच्या त्याच नावाच्या आत्मकथनावर आहे, पुस्तक २००१ चं. नावात डेल कार्नेगीच्या १९३६ मधल्या मित्र कसे जोडावे सांगणाऱ्या प्रसिद्ध पुस्तकाला उलटं केलंय, ते आपल्याकडे मराठीतही घरोघरी असतं म्हणून लगेच कळतं. टोबीने १९९१ मधे लंडनला ज्युली बर्चिल वगैरे लोकांबरोबर 'मॉडर्न रिव्ह्यू' काढलं, त्याची कल्पना अशी की हलक्यासलक्या मानल्या जाणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे पॉप गाणी, ॲक्शन पिक्चर, टीव्ही, यावर विद्वानांनी गंभीरपणे लिहायचं. १९९५ मधे भागीदारांचं भांडण झालं आणि मासिक बंद पडलं. त्याच वर्षी त्याला न्यूयॉर्कहून 'व्हॅनिटी फेअर'चं बोलावणं आलं. पिक्चरमधलं 'शार्प्स' म्हणजे हेच.

आता 'व्हॅनिटी फेअर'चा एडिटर ग्रेडन कार्टर, याची गोष्ट मला टोबीपेक्षा जास्त महत्वाची वाटते. कार्टरने १९८६ मधे कर्ट अँडरसनबरोबर 'स्पाय' नावाचं मासिक सुरू केलं होतं आणि ते मासिक न्यूयॉर्कच्या पैसेवाल्या, नाववाल्या लोकांच्या मागे हात धुऊन लागायचं. डोनाल्ड ट्रम्पला आखूड बोटांचा म्हणून जे चिडवतात ना, ते 'स्पाय'ने सुरू केलेलं, आणि तेव्हा तो नुसता बिल्डर होता. म्हणजे ज्यांची टर उडवली त्यांच्याच दुनियेचं सगळ्यात मोठं मासिक १९९२ मधे कार्टरच्या हातात आलं आणि तो २०१७ पर्यंत त्या खुर्चीवर होता, २५ वर्षं. टोबी 'स्पाय'चा भक्त. त्याला वाटलं आपल्याला 'स्पाय'च्या माणसाने बोलावलंय, प्रत्यक्षात बोलावणारा 'व्हॅनिटी फेअर'चा एडिटर होता. पिक्चरमधे जेफ ब्रिजेस एकटा असला की सिडनीकडे बघून मधेच थोडा हळवा होतो, त्याला स्वतःची जुनी वर्षं आठवतात, ते तिथून आलंय. आणि सात खोल्यांचं बोलणं, की बाबा तू आत आलास असं तुला वाटतंय पण तू पहिल्या खोलीत आहेस, अशा सात आहेत, हे कार्टर खरंच त्याला म्हणाला असं पुस्तकात आहे.

टोबीचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाला त्याने ऑफिसात कपडे उतरवणारी नर्तकी बोलावली आणि नेमकं त्या दिवशी लोक आपापल्या मुलींना ऑफिस दाखवायला घेऊन आलेले. असे प्रकार होत होत दोन-तीन वर्षांत नोकरी गेली.

एक गोष्ट मात्र मला फार भिडली. टोबीचे वडील मायकेल यंग, मोठे समाजशास्त्रज्ञ. 'मेरिटोक्रसी' हा शब्द त्यांच्या १९५८ मधल्या पुस्तकामुळे जगभर गेला. आपण आज हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतो, गुणवत्तेचं राज्य वगैरे, पण त्यांनी तो इशारा म्हणून लिहिला होता, की वर पोचलेल्यांना वाटेल आम्ही आमच्याच लायकीने पोचलो आणि खालच्यांबद्दल त्यांना काहीच वाटेनासं होईल. मुलगा अमेरिकेत गेला तो मनात हे धरून की तिथे घराणं विचारत नाहीत, हुशारी विचारतात. आणि तिथे बघतो तर पार्टीच्या दारात एक बाई हातात यादी घेऊन उभी, यादीत नाव असेल तर आत. पिक्चरमधे वडिलांचं काम बिल पॅटरसनने केलंय, अगदी थोडा वेळ दिसतात पण ते सीन नीट बघा.

आता तो मूळ व्यवहार. पूर्वी हॉलिवूडमधे नटनट्या स्टुडिओच्या पगारावर असायच्या, आणि त्यांच्याबद्दल काय छापून यावं हे स्टुडिओचं प्रसिद्धी खातं बघायचं. 'फोटोप्ले' हे फिल्मी मासिक १९११ चं, तेव्हापासून हे चालू. लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या दोन कॉलम लिहिणाऱ्या बायकांना सगळं हॉलिवूड घाबरायचं, पण स्टुडिओशी त्यांचंही देणंघेणं असायचंच. १९५२ मधे 'कॉन्फिडेन्शियल' नावाचं गॉसिपचं मासिक आलं, ते कोणालाच जुमानायचं नाही, धडाधड खपलं आणि १९५७ मधे कोर्टात अडकलं. नंतर स्टुडिओंची पकड सुटली, स्टार स्वतंत्र झाले, आणि स्टुडिओच्या जागी आला प्रत्येक स्टारचा स्वतःचा पब्लिसिस्ट. १९७४ ला 'पीपल' निघालं, मासिकांना दर अंकाला कव्हरवर चेहरा लागायला लागला. १९३६ मधे बंद पडलेलं 'व्हॅनिटी फेअर' १९८३ मधे परत सुरू झालं, पुढच्या वर्षी टीना ब्राऊन एडिटर झाली आणि तिने पिक्चरवाले, राजकारणी, खून खटले सगळं एका अंकात बसवलं. ऑगस्ट १९९१ चं डेमी मूरचं गरोदरपणातलं कव्हर तिच्याच काळातलं, फोटो ॲनी लिबोवित्झचा.

चेहरा स्टारचा आणि स्टारची किल्ली पब्लिसिस्टकडे, मग ताकद कोणाची हे सांगायलाच नको. नव्वदीत पॅट किंग्सली ही पब्लिसिस्ट, टॉम क्रूझ तिच्याकडे, ती मासिकांना सांगायची की लेखक कोण असेल, फोटो कोण काढेल, काय विचारायचं नाही. नाही ऐकलं तर हा स्टार मिळणार नाही, आणि हाच काय, माझ्याकडचे बाकीचेही नाही मिळणार. जिलियन अँडरसनचं पात्र म्हणजे ही व्यवस्था. ती पिक्चरमधे आवाज न चढवता बोलते, हसतमुख, आणि समोरचा एडिटर असूनसुद्धा गप ऐकतो. माझ्या मते त्या पिक्चरमधलं सगळ्यात खरं काम तिचं आहे.

आपल्या खान्देशात हा व्यवहार समजायला हॉलिवूडला जायची गरजच नाही. तालुक्याच्या गावात वार्ताहर असतो ना, त्याला बातमीचे पैसे असे कितीसे, पण जाहिरात आणली तर कमिशन, आणि नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली की मग त्याची धावपळ, भाऊंच्या वाढदिवसाला अर्धं पान, आबांच्या वाढदिवसाला पाव पान, कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो गोळा करत फिरायचं, आणि आठ दिवसांनी त्याच भाऊंच्या ठेकेदाराने केलेल्या रस्त्याची बातमी लिहायची वेळ येते. माझा एक मित्र हे काम वर्षानुवर्षं करत होता. तो एकदा म्हणाला, "भो, लिहिता येतं रे, पण सोमवारी परत त्याच ऑफिसात जाऊन बसावं लागतं." हे वाक्य मला सिडनीच्या पूर्ण गोष्टीएवढं वाटतं. दुसऱ्यांदा दार उघडेल का, हाच हिशोब न्यूयॉर्कला आणि हाच आमच्याकडे.

आणि भारतातल्या फिल्मी पत्रकारितेत तर आपल्या मराठी माणसांचा हात एवढा मोठा आहे की याची आठवण कोणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं. बाबूराव पटेल, मूळचे पालघरकडचे, त्यांनी १९३५ मधे 'फिल्मइंडिया' काढलं. परीक्षण असं लिहायचे की निर्माते हादरायचे, वाचकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं द्यायचे आणि लोक ती उत्तरं वाचायलाच अंक घ्यायचे. मग १९५१ ला 'स्क्रीन', १९५२ ला 'फिल्मफेअर', ही जरा सभ्य घरातली. मराठीत नाशिकच्या गांवकरीवाल्यांचं 'रसरंग' होतं, ते आमच्या भागात सलूनमधे हमखास असायचं, दाढीला नंबर लागेपर्यंत दोन अंक व्हायचे. 'स्टार अँड स्टाईल'मधे देवयानी चौबळ 'फ्रँकली स्पीकिंग' कॉलम लिहायची, इंग्रजीत हिंदी मिसळून, कोणाचीही भीड नाही. आणि ऑक्टोबर १९७१ मधे नारी हिरांनी 'स्टारडस्ट' काढलं, पहिली एडिटर शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आताच्या शोभा डे, तेव्हा वय २३. पहिल्याच कव्हरवर राजेश खन्नाच्या गुपचूप लग्नाची शंका. बाबूराव, देवयानी, शोभा, तिघंही मराठी, आणि तिघांनीही मराठीत नाही तर इंग्रजीत लिहून हिंदी सिनेमाला घाम फोडला.

स्टारला मासिकाची गरज किती, याची सगळ्यात मोठी परीक्षा पण भारतातच झाली. आणीबाणीत फिल्मी मासिकांवर बंधनं आली, त्यामागे अमिताभ आहे असा समज पसरला, आणि मासिकांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला, फोटो नाही, मुलाखत नाही. मग त्यानेही प्रेसला दार बंद केलं. वर्षानुवर्षं चाललं हे. आणि त्याच वर्षांत तो देशातला सगळ्यात मोठा स्टार झाला. भुसावळच्या थेटरात तिकीट काढणाऱ्याला कोणत्या अंकात कोणाचा फोटो नाही हे माहीत पण नव्हतं. हॉलिवूडमधे पब्लिसिस्टने मासिकाला वाकवलं, इथे पब्लिकने मासिकाला बाजूला ठेवलं, मला हा फरक महत्वाचा वाटतो आणि सिडनीच्या पिक्चरमधे ही शक्यता कोणाच्या डोक्यातच येत नाही.

स्मिता पाटीलचं नाव घेतल्याशिवाय मला हे लिहिताच येत नाही. जन्म पुण्याचा पण घराणं आमच्या खान्देशातलं, शिरपूरचं, वडील शिवाजीराव पाटील राजकारणातले. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची, तिथून सिनेमात. 'भूमिका' आणि 'चक्र'ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ ला पद्मश्री. आणि शेवटच्या काही वर्षांत गॉसिपच्या पानांवर तिच्या कामापेक्षा तिच्या खासगी आयुष्याचीच चर्चा जास्त, तिला दुसऱ्याचं घर मोडणारी म्हणून रंगवलं गेलं. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, वय ३१. आमच्याकडे काकांनी आणलेल्या गठ्ठ्यात असा एक अंक होता आणि काकूने तो वाचला, मिटला आणि चुलीपाशी ठेवून दिला, एरवी ती रद्दीचा एक कागद वाया घालवायची नाही. गॉसिप वाचायला मजा येते हे मी नाकारत नाही, मला पण येते. पण ज्या मुलीला आपलं गाव आपली मानतं तिच्याबद्दल वाचताना तीच भाषा कशी टोचते हे तेव्हा घरात बघितलंय, त्यामुळे 'हाऊ टू लूज फ्रेंड्स'मधे मेगन फॉक्सच्या हिरॉईनला सगळे मिळून वर चढवतात, बोलतात तिच्याबद्दल आणि तिच्याशी मात्र कोणी बोलत नाही, तिथे मला हसू येत नाही. डायरेक्टरने ते पात्र अजून थोडं माणूस म्हणून दाखवायला हवं होतं, हा माझा त्या पिक्चरवरचा खरा आक्षेप.

शेवटी एक धागा राहिला. कर्स्टन डन्स्टच्या पात्राचा आवडता पिक्चर फेलिनीचा 'ला दोल्चे व्हिता' आहे. १९६० चा, रोममधला. त्याचा हिरो मार्चेल्लो पण असाच पत्रकार, मोठ्या लोकांच्या पार्ट्यांमधे रात्री घालवणारा, मनात पुस्तक लिहायचं असलेला आणि ते होत नसलेला. त्याच्याबरोबर जो फोटोग्राफर फिरतो त्याचं नाव पापाराझ्झो, त्यावरूनच जगाला पापाराझी हा शब्द मिळाला. 'हाऊ टू लूज फ्रेंड्स'चा शेवट उघड्यावर चाललेल्या एका शोमधे होतो, न्यूयॉर्कची रात्र, आपल्याकडे जत्रेत तंबूबाहेर पडदा लावायचे तशी गर्दी बसलेली, आणि पडद्यावर हाच 'ला दोल्चे व्हिता' चालू आहे. सिडनी आणि त्याची ती सहकारी पुढे नाचतायत म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं, पण पुढच्या वेळी बघाल तेव्हा मागच्या पडद्यावर पण लक्ष ठेवा.