डीएलएल हेल

विंडोज ऑपरेटिंग सिस्टिमवर एका प्रोग्रॅमसाठी बसवलेली किंवा अपडेट केलेली सामायिक फाइल दुसऱ्या, तोवर सुरळीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला बंद पाडते, त्या अवस्थेची बोलीतील संज्ञा. डीएलएल म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररी, अनेक प्रोग्रॅम चालताना मिळून वापरतात ती कोडची फाइल. आजच्या व्हिज्युअल सी++ किंवा डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग साधनांच्या रनटाइमविषयीच्या (प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणाऱ्या सामायिक फाइलींविषयीच्या) अनेक तक्रारी याच वंशातल्या आहेत.

संज्ञेचा उगम सामान्यतः विंडोज ३.१ (१९९२) आणि व्हिज्युअल बेसिकच्या काळातील प्रोग्रॅमरांच्या बोलीत मानला जातो. जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका तांत्रिक लेखाच्या शीर्षकात तिचा 'अंत' जाहीर झाला. तेव्हा त्याआधी काही वर्षे तरी ती रूढ असावी.

फाइली सामायिक ठेवण्यामागची मूळ प्रेरणा काटकसरीची होती. विंडोज १.० (१९८५) किमान २५६ केबी मेमरीवर चालणे अपेक्षित होते, त्यामुळे एकच कोड सर्वांनी वापरणे भाग होते. दोष नेमका कोणाचा, याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार दोष इन्स्टॉलरांचा : ते आवृत्ती न तपासता विंडोजच्या सिस्टम फोल्डरात जुनी फाइल नव्या फाइलवर टाकत. मात्र आवृत्ती तपासून फाइल बसवण्याची सोय विंडोज ३.१ मध्येही होती, आणि ती वापरणाऱ्या इन्स्टॉलरांनीही घोळ केलेच. नवी फाइल जुन्या प्रोग्रॅमांशी सुसंगत असेलच, हे गृहीतक त्यामागे होते. लायब्ररीच्या एखाद्या चुकीवरच विसंबलेला प्रोग्रॅम ती चूक दुरुस्त होताच कोसळतो. म्हणून दोष नाव एक आणि आशय अनेक अशा सामायिकतेचाच, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १६-बिट विंडोजमध्ये तर एखाद्या नावाचे मॉड्यूल (डीएलएल) एकदा मेमरीत आले की पुढचा प्रत्येक प्रोग्रॅम तेच वापरी, मग त्याच्या स्वतःच्या फोल्डरात वेगळी प्रत असली तरी. परिणामी बिघाड कोणता प्रोग्रॅम आधी उघडला यावर ठरे. सकाळी चालणारा प्रोग्रॅम दुपारी न चालण्याचे गूढ बरेचदा इतकेच असे.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. विंडोज २००० ने सिस्टिमच्या संरक्षित फाइली बदलल्या गेल्यास मूळ प्रत परत ठेवण्यास सुरुवात केली. विंडोज एक्सपीने (२००१) विनएसएक्सएस फोल्डरात एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवल्या. कोणती हवी ते प्रोग्रॅमचे मॅनिफेस्ट (त्याच्या गरजा नोंदवणारा मजकूर) सांगे. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम बांधण्याच्या साधनाचे, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २००५ आणि २००८ चे, सी++ रनटाइम या मार्गाने गेले, २०१० च्या आवृत्तीने तो सोडला. डॉटनेट फ्रेमवर्कचा प्रवासही असाच वळणाचा : १.१ आणि २.० एकत्र नांदत, पण ४.५ (२०१२) ने ४.० ची जागाच घेतली. २०१६ च्या डॉटनेट कोअरने पुन्हा स्वतंत्र आवृत्त्यांची वाट धरली.

निदानात संदेशाचे शब्द महत्त्वाचे. 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही' असे आल्यास व्हिज्युअल सी++ चे अधिकृत पॅकेज बसवावे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅमसाठी ३२-बिट पॅकेज वेगळे लागते. (६४-बिट फाइली सिस्टम३२ मध्ये आणि ३२-बिट फाइली सिसवॉव६४ मध्ये असतात. नावे उलटी आहेत, पण ती तशीच आहेत.) सुटी डीएलएल कुठूनतरी उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकणे म्हणजे १९९२ च्या इन्स्टॉलरचे काम हाताने करणे होय. 'साइड-बाय-साइड' (वर सांगितलेली शेजारी-शेजारी) रचना चुकीची असल्याचा संदेश आल्यास हवी असलेली आवृत्ती इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात नोंदलेली असते. एसएफसी (सिस्टम फाइल चेकर) ही आज्ञा विंडोजच्या संरक्षित फाइलीच दुरुस्त करते. वेगळे बसवलेले रनटाइम सहसा तिच्या कक्षेबाहेर राहतात.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासूनच्या सी++ रनटाइमच्या फाइलींचे नाव कायम राहिले, आणि नवी आवृत्ती जुन्या प्रोग्रॅमांना चालेल अशी हमी मायक्रोसॉफ्टने दिली. उलट दिशेची हमी नाही : ज्या साधनाने प्रोग्रॅम बांधला, त्याहून रनटाइम जुना नसावा. २०२४ मध्ये या अटीचा प्रत्यय आला. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.१० या आवृत्तीत म्यूटेक्सची (एकाच माहितीला एका वेळी एकानेच हात लावावा यासाठीच्या कुलपाची) अंतर्गत रचना बदलली, आणि त्या आवृत्तीने बांधलेले काही प्रोग्रॅम एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल या रनटाइम फाइलीच्या जुन्या प्रतीशी जोडले जाताच कोसळू लागले. विंडोज सर्वसाधारणपणे सिस्टम३२ च्या आधी प्रोग्रॅमचे स्वतःचे फोल्डर पाहते. त्यामुळे सिस्टिममधले रनटाइम अद्ययावत करूनही, शेजारी खासगी जुनी प्रत ठेवलेल्या ठिकाणी बिघाड तसाच राहतो. ती प्रत बदलावी किंवा काढावी लागते.