‘मत वाया गेलं’ की ‘मतं खाल्ली’? एकदा काय ते ठरवा

“तिसऱ्याला मत देणं म्हणजे मत वाया घालवणं. आणि तुमच्यासारख्यांमुळेच तो निवडून आला!”

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या ‘तिसऱ्या’ उमेदवाराबद्दल ही दोन वाक्यं एकाच तोंडून, एकाच दमात ऐकू येतात. बोलणाऱ्याला मधे थांबावंसंही वाटत नाही. अहो, मत वाया गेलं असेल तर त्यानं कुणाला पाडलं कसं? आणि पाडलं असेल तर ते वाया कसं गेलं? ते तर भलतंच कामाला आलं म्हणायचं! हे दोन आरोप वेगळे आहेत आणि त्यांचा हिशेबही वेगळा आहे. ‘तिसऱ्याला मत देतातच का लोक’ या प्रश्नावरचे वाद गाळात रुततात ते या घोळामुळेच.

मत वाया जाणं ही एकट्या मतदाराची गोष्ट आहे आणि मतं खाणं ही हजारो मतांच्या गठ्ठ्याची. बाद मत हा तिसराच प्रकार. २००० साली फ्लोरिडात मतपत्रिकेच्या कार्डाला भोक अर्धवट पडलं, तिथला कागदाचा तुकडा लोंबकळत राहिला, तशी मतं. ती इथे बाजूलाच ठेवू.

वाया जाण्याचं फार सांगत नाही, ते सगळ्यांना कळतं. फक्त ते अर्धंच कळलेलं असतं. अमेरिकेत मेन आणि नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात जो पहिला येईल त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, मिळतात. २००० साली डेमोक्रॅट अल गोर कॅलिफोर्नियात जवळपास १३ लाख मतांनी पुढे होते आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश (धाकटे) टेक्ससमध्ये १३ लाखांहून जास्त मतांनी. म्हणजे टेक्ससमध्ये गोरना दिलेलं मत तिसऱ्याला, म्हणजे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरना, दिलेल्या मताइतकंच ‘वाया’ गेलं. कॅलिफोर्नियात गोरच्या तेरा लाखांच्या आघाडीतलं शेवटचं मतही तसंच. पण बोल लागतो तो फक्त तिसऱ्याच्या मतदाराला.

या मतदाराला आपला उमेदवार जिंकणार नाही हे माहीत नसतं, ही समजूत मला सगळ्यात जास्त खटकते. त्याला ते पक्कं माहीत असतं. २००० साली नेडरच्या प्रचारात ५ टक्क्यांचा आकडा सारखा येत होता, कारण देशभरात ५ टक्के मतं मिळाली तर पक्षाला पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी सरकारी निधीत वाटा मिळतो. हे नुसतं कागदावरचं कलम नव्हतं. असेच तिसरे उमेदवार, उद्योगपती रॉस पेरो यांनी १९९६ साली ८ टक्क्यांवर मतं मिळवली होती, म्हणूनच त्यांच्या रिफॉर्म पक्षाच्या २००० सालच्या उमेदवाराला सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. नेडर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास अडकले. ते हरले म्हणायचे तर या लक्ष्यापुढे हरले.

त्याच वर्षी इंटरनेटवर मतांची अदलाबदलही चालली. काठावरच्या राज्यातला नेडरवाला तिथे गोरना मत देणार आणि बदल्यात निकाल ठरल्यातच जमा असलेल्या राज्यातला गोरवाला आपल्या इथे नेडरना मत देणार. कॅलिफोर्नियाच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी खटल्याची तंबी दिल्यावर तसली एक साइट बंद पडली. पुढे २००७ साली अपील कोर्टानं सांगितलं की अशी अदलाबदल अभिव्यक्तीच्या हक्कात बसते. आता हा हिशेब करणाऱ्या माणसाला ‘भोळा’ कसं म्हणायचं? बाकी काही जण निव्वळ ‘हे दोघं नकोत’ म्हणून मत देतात. ते समजायला कुठलंही शास्त्र लागत नाही.

आता मतं खाण्याकडे येऊ, कारण खरी ठेच इथे लागते.

टीव्हीवरचं गणित असं असतं : पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर अमुक, तिसऱ्याची मतं त्याहून जास्त, म्हणजे तिसऱ्यानं दुसऱ्याला पाडलं. या गणितात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते. ती म्हणजे तिसऱ्याची सगळी मतं मुळात दुसऱ्याचीच होती, जणू कुणी त्याच्या खिशातून काढून नेली. खरं तर त्या मतांच्या तीन वाटण्या करायला हव्यात. तिसरा उभाच नसता तर काही मतं दुसऱ्याला गेली असती, काही थेट विजेत्यालाच गेली असती आणि काही जण घरीच बसले असते. पहिल्या वाटणीतून दुसरी वजा केली की जे उरतं, तेवढंच ‘खाल्लेलं’. अंतराशी तुलना करायची ती या उरलेल्याची.

पेरो यांचं १९९२ घ्या. जवळपास १९ टक्के मतं, इलेक्टोरल मतं शून्य. बिल क्लिंटन थोरल्या बुशपेक्षा साडेपाच टक्क्यांनी पुढे होते. टीव्हीच्या गणितानं निकाल ठरलेलाच : पेरोंनी बुशना पाडलं. हे वाक्य लोक अजून घोकतात. पण मत देऊन बाहेर पडलेल्या पेरोंच्या मतदारांना विचारलं गेलं होतं की पेरो नसते तर काय केलं असतं. ३८ टक्के म्हणाले बुश, ३८ टक्के म्हणाले क्लिंटन. वजाबाकी शून्य. देशभरातली साडेपाच टक्क्यांची तूट भरायला बुशना पेरोंच्या दर शंभर मतदारांमागे २९ मतांची निव्वळ आघाडी लागली असती. तिचा मागमूस नव्हता.

आणि आता फ्लोरिडा, २०००. अध्यक्ष कोण, हे शेवटी याच राज्यानं ठरवलं. बुश ५३७ मतांनी पुढे. नेडरना ९७,४८८ मतं. गोरना किती निव्वळ आघाडी पुरली असती? नेडरच्या दर १८१ मतदारांमागे एक. नेडरवाले डावीकडे झुकलेले होते, निम्मे घरी बसले असते तरी एवढी आघाडी निघालीच असती. तेव्हा इथे मात्र मी नेडर समर्थकांचं ऐकून घेत नाही. मतं खाल्ली गेली, गणित तेच सांगतं. पेरो आणि नेडर यांना एकाच माळेत ओवणारा लेख दिसला की मी तिथेच वाचणं सोडतो.

तरी एक गंमत राहतेच. फ्लोरिडाच्या त्या निकालपत्रकात खाली खाली जा. सोशॅलिस्ट वर्कर्स पक्षाचे जेम्स हॅरिस, मतं ५६२. तीही ५३७ पेक्षा जास्त! त्या पत्रिकेवर नाव छापलेल्या प्रत्येक छोट्या उमेदवाराची मतं अंतराहून जास्त होती. पण हॅरिसनी गोरना पाडलं असं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. म्हणजे दोषी कोण हे आधीच ठरलेलं असतं, आकडे मागून येतात.

२०१६ च्या मिशिगनमध्ये तर ही निवड उघडच दिसते. ट्रम्प हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा १०,७०४ मतांनी पुढे, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मतं. ही दोन नावं शेजारी ठेवून शेकडो लेख पडले. त्याच पत्रिकेवर सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन होते, १ लाख ७२ हजार मतं घेऊन. न्यू मेक्सिकोचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर! त्यांच्या मतांची वाटणी कोण करणार? स्टाइनची मतं मोजायची आणि जॉन्सनची सोडायची, हा हिशेब नव्हे.

अर्थात हे सगळे ‘नसते तर’चे अंदाज. ते टाळायचे असतील तर मतदाराची दुसरी पसंती मतपत्रिकेवरच लिहून घ्यावी. मला विचाराल तर हाच एक इलाज आहे, बाकी उपदेश फुकट. मेन राज्यानं २०१८ साली हा पसंतीक्रम संसदेच्या निवडणुकीत पहिल्यांदा वापरला. तिथल्या दुसऱ्या मतदारसंघात पहिल्या मोजणीत रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन १,३४,१८४ आणि डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन १,३२,०१३. अंतर २,१७१. दोन अपक्षांना मिळून २३ हजारांवर मतं. दुसऱ्या बहुतेक राज्यांत निकाल तिथेच लागला असता आणि अपक्षांच्या नावानं खडे फोडले गेले असते.

इथे मात्र निम्म्याच्या वर कुणीच नव्हतं, म्हणून दोन्ही अपक्षांना बाद करून त्या २३ हजार पत्रिकांवरच्या पुढच्या पसंत्या मोजल्या. गोल्डनना १०,४२७ मतं आली, पोलिक्विनना ४,७४७. गोल्डन साडेतीन हजारांनी निवडून आले. ज्या तीन वाटण्यांबद्दल मी मघापासून डोकं खातोय, त्या इथे छापील आकड्यांत दिसतात, तिसरीसुद्धा. आठ हजारांवर पत्रिकांवर या दोघांपैकी कुणालाच पुढची पसंती दिलेली नव्हती. कुणाला पद्धत कळली नसेल, कुणाला कंटाळा आला असेल, कुणाला दोघंही नको असतील. कारण लिहायला पत्रिकेवर जागा नसते. पण इतर राज्यांत हीच आठ हजार मतं दुसऱ्या क्रमांकाच्या ‘खाल्लेल्या’ मतांत बिनदिक्कत धरली जातात.