जुनी संगणक प्रणाली आमच्या हाती देताना
पतसंस्था, दूध संस्था, अडत दुकाने आणि छोट्या कारखानदारांसाठी माहिती

तुमच्या ऑफिसात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेला फॉक्सप्रोचा किंवा क्लिपरचा (नोंदी सांभाळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा) प्रोग्राम आजही रोजकीर्द लिहितो, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा तक्ता) काढतो. ज्यांनी तो बनवला त्यांनी मात्र धंदा बंद केला, गाव सोडलं किंवा त्यांचा फोन लागत नाही. अशा वेळी तुम्ही आम्हाला बोलावता. आल्यावर आम्ही काय करतो, आणि सुरुवातीला काय करत नाही, हे आधीच माहीत असावं म्हणून हे पत्रक.

आधी काहीच बदलत नाही

अँटिव्हायरस टाकत नाही, विंडोज अपडेट करत नाही, एकही फाइल उडवत नाही. पैसे मोजले आणि माणूस नुसता बघत बसलाय, असं काही ग्राहकांना वाटतं. ते साहजिक आहे, पण आम्ही यावर ठाम आहोत. अनोळखी प्रणालीत काय निरुपयोगी आहे ते वरून दिसत नाही. ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरमध्ये पिग्मी एजंटांच्या मशीनची वसुली उतरत असू शकते. प्रिंटरच्या केबलआड लावलेलं छोटं हार्डवेअर लॉक अडगळ समजून काढलं, की प्रोग्राम उघडतच नाही.

आम्ही येईपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नका. वर्षानुवर्षं अखंड फिरलेली हार्ड डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा सुरू होईलच असं नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी (सीआर २०३२) संपलेली असेल तर मशीन चालू केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. प्रोग्राम तीच तारीख खरी धरतो आणि दिवसअखेर केली की व्याज भलत्याच तारखेला पडतं. लाइट गेलीच, तर प्रोग्राम उघडण्याआधी संगणकाची तारीख तपासा.

प्रत घेणं आणि ती चालवून पाहणं

आमचं पहिलं खरं काम म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत. फक्त डेटाचं फोल्डर उचलून भागत नाही, कारण प्रोग्राम, त्याच्या सेटिंग, इंडेक्स आणि फॉन्ट वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतात. मग ती प्रत दुसऱ्या मशीनवर चालवतो, तुम्ही सांगाल त्या तारखेची तेरीज छापतो आणि तुमच्या दप्तरातल्या कागदाशी रुपया-पैशापर्यंत जुळवतो. तेरीज जुळेपर्यंत त्या प्रतीला आम्ही बॅकअप म्हणत नाही.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलबद्दल एक गोष्ट संचालकांनाही ठाऊक असावी. त्यात नोंद ‘डिलीट’ केली तरी ती लगेच जात नाही. तिच्यावर फक्त खूण पडते. ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावरच ती कायमची जाते. म्हणून चुकून खोडलेलं खातं अनेकदा परत मिळतं. फाइल हलकी करायची म्हणून कुणी ‘पॅक’ करू पाहत असेल, तर आधी आम्हाला विचारा.

मराठी नावांचं काय?

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. विंडोजआधीच्या डॉसच्या काळात जिस्ट कार्ड (संगणकावर भारतीय लिप्या आणणारं जोडकार्ड) लावून भरलेली नावं बहुधा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतात (भारतीय मानक १३१९४, १९९१). ती युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नेणं तुलनेनं सोपं. नंतर विंडोजवर श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये भरलेल्या नावांत अक्षरं नसतात, अक्षरांच्या आकारांचे तुकडे असतात. पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफारही असाच जागा बदलतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, म्हणून जुन्या मशीनवरचा फॉन्ट हरवू देऊ नका. रूपांतर झाल्यावर सभासदांची यादी तुमच्याच माणसाने वाचून तपासावी, असा आमचा आग्रह असतो. ‘शिर्के’चं ‘शिके’ झालेलं यंत्राला कळत नाही.

नवा संगणक घेण्याआधी

डॉसचे १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. म्हणून नवं मशीन आणण्याआधी एक फोन करा. बहुतेक ठिकाणी आम्ही जुनी प्रणाली नव्या संगणकातच आभासी मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला संगणकातला संगणक) करून चालवतो. विंडोज एक्सपीला कंपनीकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, विंडोज ७चा १४ जानेवारी २०२०ला. असं मशीन ऑफिसच्या अंतर्गत जोडणीत ठेवता येतं, इंटरनेटवर नको. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतूनच.

तुमची माणसं आणि जुने प्रोग्रामर

कोणत्याही पुस्तिकेपेक्षा तुमच्या कॅशियरताई किंवा मुख्य लिपिक यांना जास्त माहीत असतं. कोणता संदेश आला की एंटर मारायचा, कोणता आला की थांबायचं, हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. दिवसअखेरीला त्यांच्या शेजारी बसून आम्ही ते सगळं लिहून घेतो. त्यांना तेवढा वेळ मोकळा द्या आणि त्यांची नोकरी जाणार नाही हे आमच्यासमोर सांगा. भीती असेल तर माणूस मोकळेपणानं बोलत नाही. वर्षातून एकदाच होणाऱ्या कामांची, म्हणजे ३१ मार्चचं व्याज आणि लाभांश वाटप यांची यादी वेगळी द्या. एक मार्चअखेर आमच्या हातून नीट पार पडेपर्यंत ताबा पूर्ण झाला असं आम्ही मानत नाही.

जुन्या प्रोग्रामरशी शक्यतो गोडीनं बोला. थकीत बिल असेल तर भागवा. कॉपीराइट कायदा, १९५७नुसार बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या प्रोग्रामचा हक्क, तसा लेखी करार नसेल तर, सहसा बनवणाऱ्याकडेच राहतो. प्रोग्राम तुमच्याकडे रीतसर आलेला असेल, तर नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत ठेवायला कायद्याची मुभा आहे.

आमचं काम झालं की एक वही तुमच्याकडे राहते: कोणतं मशीन काय करतं, बॅकअप कुठे आहे, तो परत कसा चढवायचा. पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट अध्यक्षांच्या ताब्यात. उद्या आमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला काम दिलंत, तर ही वही त्यांना दाखवा.