पंखाला पीळ, शेपटीला सुकाणू

विमानाचा शोध म्हणजे पंखांना इंजिन जोडणे, असा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. १७ डिसेंबर १९०३ ही राइट बंधूंच्या इंजिनासह पहिल्या, बारा सेकंदांच्या उड्डाणाची तारीख अनेकांना पाठ असते. पण त्याआधी हे बंधू, विल्बर आणि ऑर्व्हिल, तीन हंगाम अमेरिकेतील किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर इंजिनाविना उडायला शिकत होते, हे क्वचितच सांगितले जाते.

त्यांच्या आधी जर्मनीत ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ पासून सुमारे दोन हजार वेळा ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले पंखांचे यान, उडवला. तोल सावरण्यासाठी ते लोंबकळणारे पाय आणि धड एका बाजूला झोकत. ऑगस्ट १८९६ मध्ये वाऱ्याच्या झोतापुढे हा उपाय अपुरा पडला, ग्लायडर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांत ते प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाच तास होते, असा हिशेब विल्बर राइट यांनी पुढे मांडला. एवढ्या सरावावर गर्दीच्या रस्त्यातून सायकलही सुरक्षित चालवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

राइट बंधूंनी अंग झोकण्याऐवजी पंखालाच पीळ दिला. चालक खालच्या पंखावर पालथा झोपे आणि त्याची कंबर एका लाकडी पाळण्यात असे. समजा, डावा पंख झुकला, तर चालक पाळणा उजवीकडे सरकवी. तारा ताणल्या जाऊन डाव्या पंखाची मागची कड खाली येई आणि तो पंख वाऱ्याला अधिक तिरपा भिडे. त्याने उचल, म्हणजे पंखाला वर ढकलणारे बल, वाढे, पण तिच्याबरोबर हवेचा अवरोधही वाढे. म्हणजे जो पंख वर यायचा, तोच मागे ओढला जाई. आणि उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेगातली थोडी घटही महागात पडे.

हा ओढा रोखण्यासाठी १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी दोन उभ्या, न हलणाऱ्या शेपट्या बसवल्या. कधी कधी या शेपट्यांनीच घात केला. ग्लायडर झुकलेल्या बाजूला घसरू लागला की त्या बाजूची हवा शेपटीवर आदळे, नाक आणखी डावीकडे वळे, डावा पंख अधिकच मंदावे आणि त्याचे टोक वाळूत रुतून तिथेच गरगर फिरे. या प्रकाराला बंधू ‘विहीर खणणे’ म्हणत. ऑक्टोबरमध्ये एका रात्री झोप लागत नसताना ऑर्व्हिल यांना सुचले, की शेपटी सुकाणूसारखी हलती हवी. तिच्या तारा कमरेच्या पाळण्यालाच जोडाव्यात, ही भर विल्बर यांची. आता डावा पंख मागे ओढला जाताच सुकाणू नाकाला उजवीकडे वळवी, तेही त्याच एका हालचालीत. मला स्वतःला हा क्षण १९०३ च्या त्या बारा सेकंदांहून मोठा वाटतो.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तिला समकालीन ठोस पुरावा नाही. उड्डाण शिकणाऱ्यांच्या मागे मोडलेले पंख, मोजमापे आणि फसलेल्या प्रयत्नांच्या वह्या उरतात. या कथेमागे तसे काहीच आढळत नाही.

१९०२ च्या हंगामात बंधूंनी सातशेहून अधिक वेळा ग्लायडर उडवला. सर्वांत लांब उड्डाण सुमारे १९० मीटरचे, २६ सेकंदांचे होते. मार्च १९०३ मध्ये, इंजिनाच्या उड्डाणाआधी नऊ महिने, त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यातील यंत्राला इंजिन नव्हते. पीळ घेणारे पंख आणि त्यांच्याशी जोडलेले सुकाणू मात्र होते.