मध्यस्थी आणि लवाद : संसाराचे वाद न्यायालयाबाहेर कसे आले

लॉस एंजेलिसमध्ये १९३९ साली समेट न्यायालय सुरू झालं, तेव्हा त्याचा मुख्य हेतू मोडू पाहणारा संसार सावरण्याचा होता. आजच्या कौटुंबिक मध्यस्थीत वेगळं व्हायचं हे बहुधा ठरलेलंच असतं. बोलायचं असतं ते पोटगी, घर आणि मुलं यांवर. समेट वेगळा आणि समंजसपणे वेगळं होणं वेगळं, हा फरक एकपालक कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या इंग्लंडच्या फायनर समितीनं १९७४च्या अहवालात नेमका मांडला.

हा बदल घडला तो घटस्फोटाचा कायदाच बदलल्यामुळे. कॅलिफोर्नियात १९७० पासून जोडीदाराचा दोष सिद्ध करण्याची अट गेली. तोवर क्रूरता किंवा व्यभिचाराचे पुरावे गोळा करण्यातच दोन्ही बाजूंची शक्ती जात असे. दोष कुणाचा, हा प्रश्न मिटल्यावर उरलेले प्रश्न समोरासमोर बसून सोडवण्यासारखे होते.

त्याच दशकात अटलांटातले वकील ओ. जे. कूगलर यांनी खासगी कौटुंबिक मध्यस्थीची पद्धत बसवली. स्वतःच्या घटस्फोटात सोसलेला मनस्ताप त्यामागे होता. १९७८ साली त्यांनी ती पुस्तकरूपानं मांडली. दोघांनी आपली मिळकत, कर्ज, खर्च सगळं उघड करायचं, मगच बोलणी. आणि गाडी अडलीच, तर तेवढा मुद्दा लवादाकडे, म्हणजे निर्णय देणाऱ्या खासगी तिऱ्हाइताकडे सोपवायचा. म्हणजे मध्यस्थी आणि लवाद या दोन्ही वाटा इथे एकाच चौकटीत होत्या. पुढे मात्र त्या फाकल्या.

मध्यस्थीकडे मुलं आली. मुलांच्या ताब्याचा वाद असेल तर सुनावणीआधी मध्यस्थी सक्तीची, असा नियम कॅलिफोर्नियानं १९८१ मध्ये केला. बुधवारी शाळेतून कोण आणणार, सुट्टीचा पहिला आठवडा कुणाकडे, औषधाची बाटली कुणाच्या दप्तरात जाणार, हे न्यायाधीशापेक्षा आईबापच नीट ठरवू शकतात. पण सक्तीत धोकाही होता. मारहाण सोसलेल्या बाईला त्याच माणसासमोर बसवून ‘समजुतीनं घ्या’ म्हणणं हा अन्याय आहे. सक्तीच्या मध्यस्थीत स्त्रियांना असलेले धोके कायद्याच्या प्राध्यापक त्रिना ग्रिलो यांनी १९९१ मध्ये सविस्तर दाखवून दिले. हिंसाचार झाला आहे का, हे आधी तपासायची गरज अशाच टीकेतून ठसत गेली. ही टीका झाली नसती तर मध्यस्थीवर विश्वास ठेवणं मला जड गेलं असतं.

लवादाची वाट अधिक अवघड. मध्यस्थ निर्णय देत नाही. लवाद देतो आणि तो सहसा बंधनकारक असतो. विवाह, पालकत्व यांसारखे माणसाच्या कायदेशीर दर्जाचे प्रश्न खासगी माणसाच्या हाती द्यावेत का, यावर न्यायालयं कचरत आली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये पोटगीपुरता लवाद मान्य केला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात धर्माच्या नियमांनुसार होणाऱ्या लवादावरून मोठा वाद पेटला आणि २००६च्या कायद्यानं कौटुंबिक लवादाचा निवाडा कॅनडाच्या कायद्यानुसारच हवा असं ठरलं. इंग्लंडमध्ये २०१२ साली आलेली लवाद योजना पैसे-मालमत्तेपुरती होती. मुलांसाठीची २०१६ मध्ये आली.

या सगळ्या सावधगिरीचं कारण एकच : करारावर सही आईबापांची असते, मुलाची नसते. म्हणूनच २००९ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयानं मुलांच्या ताब्याचा लवाद मान्य करताना साक्षींची शब्दशः नोंद ठेवण्याची अट घातली. निवाड्यानं मुलाला इजा पोचेल अशी सबळ तक्रार आली, तर न्यायाधीशाला ती नोंद उघडून पाहता यायला हवी.