चॅम्पियन व्हायचं तर कॉलेज सोडावंच लागतं?

"फिगर स्केटिंगमधे वर्ल्ड चॅम्पियन व्हायचं तर शिक्षण सोडावंच लागतं" हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. रोजचे बर्फावरचे तास बघितले की ते खरंच वाटतं, साहजिक आहे. पण रेकॉर्ड वेगळं सांगतं. 1986 ला महिलांचं वर्ल्ड टायटल जिंकलेली अमेरिकन मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, पुढे हाडांची सर्जन झाली. 2019 चा पुरुषांमधला चॅम्पियन पण फर्स्ट इयरचा, कोच कॅलिफोर्नियात आणि कॉलेज पार दुसऱ्या टोकाला, मग बराचसा सराव एकट्याने आणि कोच फोनवर, मला तर हे फारच ग्रेट वाटतं!

मग गैरसमज कुठून आला? ऑलिम्पिकच्या आधी हे लोक कॉलेजमधून ब्रेक घेतात, बातमी तेवढीच पोचते. 2019 वाल्याने पण घेतला, 2022 ला ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं, मग परत जाऊन डिग्री पूर्ण केली. म्हणजे ब्रेक घेणं वेगळं आणि शिक्षण सोडणं वेगळं. अर्थात प्रत्येकाला जमतंच असं नाही, रिंक जवळ हवी, पैसा लागतो.

चेक करायचं तर विजेत्यांच्या यादीतलं वर्ष आणि त्या खेळाडूचं कॉलेजचं वर्ष शेजारी ठेवून बघा, आणि डिग्री कधी मिळाली तेही बघा.